दुसरी खाट अडवून ठेवलीय

४ तारीख, सोमवार

कुणाबरोबर म्हणजे काय, वन्सं? माझ्याबरोबर. बासष्टीला आले, आता स्वतःला घेऊन चार दिवस कुठं गेले तर कुणाची परवानगी लागते का?

तुमचं कार्ड मिळालं. दोन ओळी. "कुणाबरोबर गेलीस? बीपीच्या गोळ्या नेल्यास का?" खाली सहीसुद्धा नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा तुमचं अक्षर बघितलं, ते पण असं, हवालदारानं जबाब घ्यावा तसं. तरी चहाबरोबर एकदा वाचलं, चहा संपल्यावर परत वाचलं. गोळ्या आणल्यात. आजची विसरले होते, तुमचं कार्ड वाचून घेतली. म्हणजे तुमचा धाक अजून लागू पडतो.

मी समुद्राचं चित्र पाठवलं ते तुम्हाला डिवचायलाच. लागलं बरोबर.

ह्यांच्या सायकलच्या दुकानात, हवा भरायच्या पंपाच्या वर, एक कॅलेंडर होतं बघा. ते वर्ष संपलं, पुढची पंधरा संपली, पण ते पान काही खाली उतरलं नाही. लांबच लांब वाळूचा पट्टा आणि त्यावर ओली पोती टाकावीत तसे लोळणारे सील. मिशावाले. ते गाव म्हणजे हे. हे म्हणायचे, दुकान बंद केलं की जाऊ, ताईलाही नेऊ. सायकलवाला दुकान बंद कधी करतो? हे गेले तेव्हाच ते बंद झालं. मग म्हटलं, निदान आपण तरी जाऊन बघावं, पानात काय खरं होतं न काय रंगवलेलं होतं.

खोली वरच्या मजल्यावर आहे. खिडकीतून समोर पत्र्याचं छप्पर दिसतं, पण डाव्या कोपऱ्यात गाल काचेला चिकटवून उभं राहिलं की तळहाताएवढा समुद्र दिसतो. खोलीत दोन खाटा आहेत. घरमालकीण म्हणजे उंच, गप्प बाई. बोलायचं ते सगळं कागदावर लिहून भिंतीला चिकटवते: चपला बाहेर काढा, नळ घट्ट फिरवा, वाळू झटकून या. तिनं विचारलं, एकटीला दोन खाटांची खोली कशाला? मी म्हटलं, नणंद यायचीय. ते खोटं होतं की नाही, हे आता तुम्ही ठरवायचंय.

मला माहितीय तुम्ही काय म्हणाल. हे गेले त्या आठवड्यात तुम्ही दारात उभं राहून म्हणालात, "मला त्याला शेवटचं बघूसुद्धा दिलं नाहीस." मी म्हटलं, आठ वेळा फोन केला, वाजून वाजून बंद पडला, तुम्हीच उचलला नाही. त्यावर तुम्ही घोटभर पाणीही न पिता निघून गेलात. त्याला तीन वर्षं झाली. मला आता एकटीनं तुमच्याशी भांडून भांडून कंटाळा आलाय. समोर या आणि भांडा.

महिनाअखेरपर्यंत इथंच आहे. सीलना कसलीच घाई नाही, ते कूससुद्धा बदलत नाहीत.

तुमची भावजय,
नकोशी असले तरी

७ तारीख, गुरुवार

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. असाही तुम्हाला लिहायला आठवडा लागतो, आधी राग काढायचा, मग पेन शोधायचं.

सकाळी मी कड्यावरच्या वाटेनं जाते. घराच्या मागं एक फाटक आहे, ते उघडलं की गुडघाभर गवत, आणि गवतातून पायांनीच पाडलेली एक रेघ. सकाळी धुकं असतं, एवढं की आपला हात पुढं केला तर दुसऱ्याच कुणाचा वाटतो. समुद्र दिसत नाही. खालून नुसता श्वास ऐकू येतो, कुणीतरी मोठं माणूस शेजारच्या खोलीत झोपलंय असा. पाखरं खाली बोलतात, मी वर चालते आणि मधे काहीच नसतं. परवा त्या धुक्यात मला वाटलं, मागून सायकल हातात धरून कुणीतरी येतंय. त्या चाकाचा टिक टिक आवाज असतो ना, पेडल न मारता नुसती ढकलली की. मागं बघितलं नाही. म्हटलं, येऊ दे. फाटकापर्यंत आला तो आवाज, मग गवतात गेला.

असं लिहिलं म्हणून लगेच डॉक्टरांना फोन लावू नका. मी ठीक आहे.

वाटेच्या टोकाला एक लाकडी खोली आहे. आत बाक, समोर डोळ्यांच्या उंचीला एक आडवी फट. त्या फटीतून दुर्बीण लावून प्राणी बघायचे, आणि जोरात बोलायचं नाही. मला जोरात बोलू नका म्हणणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी मी माझा पोपटी स्वेटर घालून गेले. तिथं एक बाई असते, सरकारनं नेमलेली, प्राणी मोजणं हेच तिचं काम. मी तिला नोंदवाली म्हणते. तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी बँड वाजवत आले. एक राखाडी कोट काढून दिला आणि म्हणाली, आत यायचं तर हा घाला. आता मी राखाडी.

तिथं एक जाड वही आहे, दोरीनं पेन्सिल बांधलेली. ज्यानं जे बघितलं ते त्यानं स्वतःच्या हातानं लिहायचं: काय, किती, कुठं, किती वाजता. नियम एकच, जे स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं तेवढंच. "असावं" चालत नाही, "लोक म्हणत होते" चालत नाही. वहीत काय आलंय त्यावरून धक्क्यावर पाटी लावतात, कुठल्या बाजूला होड्या न्यायच्या आणि कुठल्या नाही. मी पहिल्याच दिवशी लिहिलं, "खूप पाखरं. पांढरी. खुशीत होती."

नोंदवालीनं विचारलं, "खूप म्हणजे किती?"

"पुष्कळ."

"आणि खुशीत होती हे कुणी सांगितलं?"

"मला कळतं."

तिनं पेन्सिलीनं "खुशीत" भोवती गोल केला. माझ्या मास्तरांची आठवण झाली. त्यांनीही मला सातवीपर्यंत असेच गोल दिले.

मग मी दीड तास एक सील बघितला. काळं गुळगुळीत डोकं, वर येई, खाली जाई, वर येई. इतका शहाणा, जागा सोडीना. मी त्याच्याशी मनातल्या मनात बोलत होते. शेजारी एक रिटायर झालेले पोस्टमन बसतात, त्यांनी शेवटी घसा खाकरला आणि हळूच सांगितलं की तो जाळ्याला बांधलेला पिंप आहे. मी म्हटलं, दीड तास गप्प का बसलात? म्हणाले, तुमचं इतकं छान चाललं होतं, मधे कसं पडणार.

भुवया खाली घ्या. माझ्या मनात तसलं काही नाही, त्यांच्याही नाही. अडतीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, आता एक देवमासा बघायचा म्हणतात. एवढं मोठं काहीतरी आपण होऊन आपल्याकडं यावं, एवढीच त्यांची इच्छा. आठ दिवस रोज येऊन बसतात.

दुसऱ्या खाटेवर मी चादर घातलीय.

१२ तारीख, मंगळवार

शेवटी काही बोलला का, असं विचारलंत. तुमचं नाव घेतलं का, असंही विचारलंत.

नाही, वन्सं. दवाखान्यातले चारही दिवस औषधानं गुंगीत होते. कुणालाच ओळखत नव्हते, मलासुद्धा. तुम्ही उशाशी बसला असतात तरी कळलं नसतं. तेव्हा तेवढं मनातून काढून टाका.

तुमचं पत्र चांगलं पानभर होतं, याचा मला फार आनंद झाला. शेवटी "तुझी तब्येत सांभाळ" असंही लिहिलंत. मी ते घरमालकिणीला वाचून दाखवलं. तिनं मान हलवली, म्हणजे तिच्या मानानं भाषणच केलं.

आता सीलांचं ऐका. ओहोटीला समुद्र इतका मागं जातो की मधल्या वाळूच्या बेटावर चालत जाता येतं. नोंदवाली पुढं, आम्ही दहा-बारा माणसं मागं, सगळे राखाडी. अनवाणी जायचं. वाळू आधी गार लागते, मग कोमट, मग पायाखाली नुसतं आभाळ, कारण पाण्याचा एवढा पातळ थर राहतो की ढग त्यात उतरलेले असतात आणि आपण ढगांवरून चालतो. कुणी काही बोलत नव्हतं, मीही नाही. शंभर पावलांवर तिनं हात वर केला, सगळे थांबले. तिथं ते पडले होते, साठ-सत्तर. ह्यांच्या कॅलेंडरातलेच. एकानं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं, पुढच्या हातानं पोट खाजवलं आणि परत झोपला. अगदी तुमचे यजमान, दुपारचे. मग ते गायला लागले. त्याला गाणंच म्हणायचं, दुसरा शब्द मला येत नाही. रिकाम्या बाटलीत फुंकर मारल्यावर जसा आवाज येतो तसा, एकाचा, मग दुसऱ्याचा, मग लांबून कुणाचा तरी. मी ऐकत राहिले. किती वेळ गेला कळलं नाही. पाणी घोट्याला लागलं तेव्हा पोस्टमननी बाहीला धरून ओढलं.

त्याच दिवशी सकाळी मी एक पाणमांजर बघितलं, दोन पिल्लांची आई. वन्सं, ती पाण्यात उताणी पडून पिल्लाला छातीवर घेऊन तरंगत होती. झोपेत. नोंदवाली म्हणाली, या महिन्यात कुणालाच दिसलं नाही. मी वहीत लिहिलं: पाणमांजर, एक, पिल्लं दोन, खडकाच्या उजव्या हाताला, सात वाजून दहा मिनिटं. बघा, शिकले की नाही? "खुशीत" लिहिलं नाही. होती मात्र.

आणि आता एक गंमत, कुणाला सांगू नका. पोस्टमन उद्या परत जाणार होते. बॅग भरली होती, तोंड एवढंसं झालेलं. वहीत देवमाशाचा रकाना महिनाभर कोरा. नोंदवाली जरा बाहेर गेली, तेवढ्यात मी पेन्सिल घेतली आणि पाणमांजराच्या खाली लिहिलं: देवमासा, एक, दीपगृहाच्या डावीकडं, साडेसात, पाठ आणि फवारा. फवारा हा शब्द भिंतीवरच्या तक्त्यातून घेतला.

पोस्टमननी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. जाऊन तिकीट पुढं ढकलून आले.

माझी हीच खोड तुम्हाला आवडायची नाही ना? पण कुणाचं काय बिघडलं?

१६ तारीख, शनिवार

बिघडलं.

देवमासा दिसल्याची नोंद झाली की तीन दिवस त्या बाजूला होड्या जात नाहीत. तो नियम मला माहीत होता, पण मी म्हटलं असेल काहीतरी. तीन सकाळी धक्क्यावर मासे निवडणाऱ्या बायका पालथ्या टोपल्यांवर बसून होत्या. त्यातली एक माझ्याशी गप्पा मारायला आली, म्हणाली, तुम्हीच का देवमासा बघितलेल्या? कसा होता? मी तिला सगळं सांगितलं, वन्सं. पाठ कशी चमकली, पाणी कसं दुभंगलं. सांगता सांगता मलाच दिसायला लागला. ती म्हणाली, नशीबवान आहात, मी इथं जन्मले पण मला नाही दिसला. आणि हसून परत जाऊन रिकाम्या टोपलीवर बसली.

मी सरळ कड्यावरच्या खोलीत गेले आणि नोंदवालीला सांगितलं की मी खोटं लिहिलं.

मला वाटलं ओरडेल. मी उत्तरंही तयार ठेवली होती, दोन-तीन चांगली होती. ती ओरडली नाही. तिनं पट्टी घेतली आणि माझ्या अक्षरातल्या ओळी शोधायला लागली. पहिली काट मारली देवमाशावर. मग पाणमांजरावर. मी म्हटलं, अहो ते खरं होतं, शपथ घेऊन सांगते, दोन पिल्लं होती. तिनं वर बघितलं नाही. म्हणाली, "एक ओळ खोटी निघाल्यावर त्याच हाताची दुसरी मी कशी धरू?" मग मागची पानं उलटली. सगळी पांढरी पाखरं, सील, वाळूतले खेकडे, बारा दिवसांत जे जे म्हणून मी बघितलं ते सगळं एकेक करून पट्टीखाली गेलं.

मला त्या पाणमांजराचं फार वाईट वाटलं. ती खरंच होती हो. झोपलेली.

पोस्टमन बाकावर होते, त्यांनी सगळं ऐकलं. मी म्हटलं, तुमच्यासाठीच केलं, रागावू नका. त्यांनी दुर्बीण खाली ठेवली. मग म्हणाले, "पण मला परवा दिसला होता."

मी म्हटलं, काय?

"पाठ. तुम्ही लिहिलं होतं तिथंच. मी मुलीला फोन करून सांगितलं." त्यांचा आवाज अगदी साधा होता, पत्ता विचारावा तसा. "आता मला काय दिसलं होतं, ते तुम्हीच सांगा."

वन्सं, ह्यांनी एकदा म्हटलं होतं, हिला देवानं जीभ दिली आणि मग उरलेली बाई बनवली. त्या उरलेल्या बाईनं उठून राखाडी कोट काढला आणि खुंटीला लावला.  बाहेर पाखरांचा एक थवा उठला, सगळा एकदम वळला, चादर झटकावी तसा एकदा पांढरा झाला, एकदा काळा, आणि नाहीसा झाला. कुणीही लिहिलं नाही.

तुमचं पत्र अजून आलेलं नाही. आलं तर बरं होईल. आज मला कुणीतरी ओरडायला हवं आहे.

१९ तारीख, मंगळवार

तुम्ही येणार.

मी पत्र जिन्यातच उघडलं आणि तिथंच पायरीवर बसले. घरमालकीण वरून आली, ती माझ्या शेजारून पाय उचलून टाकत खाली गेली आणि तिनं चहाचा कप आणून पायरीवर ठेवला. रविवारची दुपारची गाडी. तुम्ही येणार, गुडघा दुखत असताना येणार, आणि तुम्ही लिहिलंत, "आता किती दिवस राहिलेत आपले, अबोला धरायला." हे तुम्ही लिहिलंत. मी चार वेळा नाव तपासलं.

ऐका, सगळं ठरवून टाकलंय. खिडकीकडची खाट तुमची. तुमच्यासाठी राखाडी कोट मागून ठेवते, फक्त नोंदवाली मला देईल की नाही शंका आहे. कड्याच्या वाटेला मधे बाक आहेत, दोनशे पावलांवर एकेक, मी मोजून आले. बेटावर तुम्हाला नेता येणार नाही, पण दुर्बिणीतून त्यांच्या मिशा मोजता येतात. सकाळच्या धुक्यात तुम्हाला एकदा उभं करायचंय. काही करायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं उभं राहायचं. मग सांगा, मागून सायकलचा आवाज येतो का ते.

तुमचं पत्र परत वाचलं. खालचा भाग मी पहिल्यांदा घाईनं वाचला होता.

तुम्ही लिहिलंय, चूक तुझी नव्हतीच. तू बिचारी आठ वेळा फोन करत राहिलीस, आणि मी तुलाच बोलले. तुम्ही लिहिलंय, आता मला आठवतं, त्या दिवशी मी मागच्या अंगणात दोरीवर कपडे घालत होते, तेव्हा आत काहीतरी वाजल्यासारखं झालं होतं. मला वाटलं शेजारचं असेल. मी गेले नाही. तेवढी चार पावलं गेले असते तर तो भेटला असता. मग तुम्ही लिहिलंय की त्यानंतर तुम्ही कान तपासून घेतलेत, दोन्ही कानांना यंत्रं लावलीत, आणि आंघोळीला जाताना फोनची वायर ओढून न्हाणीच्या दारापर्यंत नेता. तीन वर्षं.

मी चहा प्यायले नाही. साय धरली त्यावर.

बाकी रविवारी बोलू.

२० तारीख, बुधवार

रविवारी बोलायचं नाही. आत्ताच लिहायचंय.

पोस्ट ऑफिसच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. पोस्टमन सकाळी भेटले. ते आता माझ्याशी बोलतात, थोडं. त्यांना विचारलं, आज टाकलेलं पत्र रविवारच्या आधी पोचेल का? त्यांनी गावाचं नाव विचारलं, डोळे मिटून सगळा रस्ता मनात चालून आले आणि म्हणाले, अकराच्या थैलीत पडलं तर शुक्रवारी मिळेल. साडेबाराच्या थैलीत पडलं तर सोमवार. आता दहा वाजून वीस मिनिटं झालीत. सोमवारची थैली मला फार आवडली असती, वन्सं. तुम्ही रविवारी आला असतात, खिडकीकडच्या खाटेवर झोपला असतात, आपण सील बघितले असते, आणि पत्र तुमच्या घरी दाराखाली पडून राहिलं असतं. काल रात्रीपासून मी तेच ठरवून होते.

शुक्रवारी तुमची पिशवी भरून झालेली असेल. पिशवी तशीच ठेवा आणि हे वाचा. मग यायचं की नाही ते ठरवा.

हे गुंगीत नव्हते. ते मी तुम्हाला खोटं लिहिलं. चारही दिवस बोलत होते, हळू, पण बोलत होते. पहिल्याच सकाळी म्हणाले, ताईला बोलाव. मी म्हटलं, बोलावते. व्हरांड्यात नर्सच्या टेबलावर फोन होता, तिनं तो माझ्याकडं वळवूनही दिला. तुमचा नंबर मला तोंडपाठ. मी तिथं उभी राहिले, मग कोपऱ्यावरून चहा घेतला आणि परत आले. म्हटलं, निघाल्यात. दुसऱ्या दिवशी विचारलं, आली का? म्हटलं, गाडीत आहेत. मग त्यांनी विचारलं नाही, नुसते दाराकडं बघायचे.

का, ते सांगते, आणि ते ऐकून तुम्हाला किळस येईल तर येऊ दे. एकेचाळीस वर्षं तुम्ही उंबऱ्यातून आत आलात की हे माझे राहायचे नाहीत. तुमचा धाकटा भाऊ व्हायचे. तुम्ही दोघं पलंगावर मांडी घालून हसत बसायचात, विहिरीवरच्या आणि आंब्याच्या झाडाच्या गोष्टी, ज्यात मी जन्मलेसुद्धा नव्हते, आणि मी आत चहा टाकायची. तुम्ही कधी वाईट वागला नाहीत. तुम्ही मला विसरायचात, एवढंच. मी म्हटलं, हे शेवटचे दिवस तरी मला दारात उभं राहून बघायचे नाहीत. चार दिवस फक्त माझे.

ते माझे झालेच नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी माझा हात धरला आणि मला म्हणाले, "ताई, आलीस?"

मी त्यांना सांगू शकले असते. मी म्हटलं, "आले रे."

मी तुमच्यासारखं बोलले, वन्सं. मला तुमचा आवाज चांगला काढता येतो, तुम्हाला माहीत आहे, मी जावांना हसवायला काढायची. त्या दिवशी ह्यांच्यासाठी काढला. मग ते दोन दिवस तुमच्याशी बोलले. माझ्याशी एक शब्द नाही. मी तुम्हाला घरी ठेवलं आणि तरी तिथं तुम्हीच होतात.

त्यांनी विचारलं, "ताई, घड्याळ मी फोडलं आणि बाबांनी तुला दोरानं मारलं. तू सांगितलं नाहीस. अजून दुखतं का गं?" मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "नाही रे. कधीच थांबलं." ते हसले, आणि झोपले. दुसऱ्या दिवशी पहाटे गेले.

तो प्रश्न तुमचा होता. त्याचं उत्तर मी दिलं. बरोबर दिलं की चूक, ते फक्त तुम्हालाच माहीत.

तुम्ही कपडे वाळत घालत होतात, ते खरं असेल. पण आत काही वाजलं नव्हतं. तुमचे कान तेव्हा चांगले होते. आठ वेळा नाही, एकदाही नाही. मी फोन केलाच नव्हता.